चांगुणाबाई आणि बाळंतीण शार्क

औंढ्यात आता फिरत्या तंबूतला सिनेमा पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत. जी आहेत त्यांना मारामाऱ्या आठवतात, गाणी आठवतात; पण बायकांच्या दारावरच्या चांगुणाबाईंचं नाव काढलं की आधी हसू येतं आणि मग आठवणी निघतात. त्यांच्यावर कोणीतरी चांगलं लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. मी पत्रापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण त्या तंबूत मशीन मी चालवत होतो आणि जे घडलं ते केबिनच्या भोकातून मला दिसलं, म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

तंबू उत्तमरावांचा. ते मूळचे वसमतचे, अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड. कापूस निघाला की तंबू वसमतच्या बाजूला लागायचा, मग थोडे दिवस कनेरगाव नाक्यावर, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेपासून पाऊस लागेपर्यंत औंढ्याला. आत मधोमध एक कनात बांधलेली. डावीकडे गडीमाणसं, उजवीकडे बायका. पडदा दोघांना एकच दिसायचा, पण एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. खाली सतरंज्या. गावात पाणी भरताना ज्या बायका एकमेकींपासून चार हात लांब राहायच्या, त्या इथे अंधारात मांडीला मांडी लावून बसायच्या. उत्तमराव म्हणायचे, "जागा पकडायची आसंल तर लवकर या, न्हाई तर ज्याच्या शेजारी सापडंल त्याच्या शेजारी बसा."

चांगुणाबाई भीमनगरच्या. नवरा शेषराव गवंडीकाम करायचा. लग्नानंतर काही वर्षं दोघं हैदराबादला बांधकामावर होती, त्यामुळे बाईंना तिकडची हिंदी चांगली यायची. परत आल्यावर उत्तमरावांनी त्यांना बायकांच्या दारावर ठेवलं. काम एवढंच, की तिकीट घ्यायचं, कडेवरचं लेकरू आठ वर्षांचं आहे की तीन यावरून भांडायचं, आणि कनातीखालून कोणी गडी डोकावला तर त्याच्या डोक्यात चप्पल घालायची.

सांगायचं काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. एकदा एका म्हातारीने विचारलं, "काय म्हणून राहिला गं तो?" चांगुणाबाईंनी सांगितलं. शेजारची म्हणाली, "जरा मोठ्यानं सांग की." होता होता अशी रीत पडली, की पडद्यावर कोणी हिंदीत बोललं की मधल्या खांबाजवळ उभ्या चांगुणाबाई ते आपल्या बोलीत सांगायच्या. इंग्रजी पिक्चर हिंदी आवाज घालून यायला लागले तेव्हा तर त्यांच्याशिवाय चालेचना. त्यांत माणसाचं तोंड मिटायचं तरी बोलणं चालूच असायचं. कोणी विचारलं तर बाई सांगायच्या, "लांबून येतंय ते. आवाजाला पोचायला टाइम लागतो."

आणखी एक रीत होती. नवा पिक्चर लागला की पहिल्या दिवशी बायका येत नसत. पहिला दिवस गड्यांचा. त्या दिवशी उजवीकडच्या सतरंजीवर चांगुणाबाई एकट्या बसून पिक्चर पाहायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका विचारायच्या, "पाहण्याजोगं हाय का गं?" त्या "हाय" म्हणाल्या की संध्याकाळी बाजू भरायची. "न्हाई" म्हणाल्या की उत्तमराव दिवसभर माझ्यावर खेकसायचे. मी फक्त मशीन चालवायचो, पण खेकसायला जवळ मीच असायचो.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. आमच्याकडे शार्कचा पिक्चर आला. समुद्रकाठचं गाव, मोठमोठी हॉटेलं, सुटीला आलेले पाहुणे, आणि पाण्यात मोटारीएवढा मासा. औंढ्यात समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. मीही पाहिलेला नव्हता. सिद्धेश्वरचं धरण तेवढं सगळ्यांना माहीत. पहिल्या दिवशी गड्यांनी तंबू भरून गेला. पिक्चर रंगला. दीपगृहाचा एक लंगडा रखवालदार होता, तो शेवटी एकटाच होडी घेऊन माशाच्या मागे जातो. मासा होडीभोवती फेऱ्या मारू लागतो. तिथे रीळ संपलं. आमच्याकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लावावे लागायचे. मी शेवटचं रीळ चढवलं, दिवे घालवले, आणि पडद्यावर लग्न लागायला सुरुवात झाली.

दुसऱ्याच कुठल्यातरी हिंदी पिक्चरचं रीळ होतं ते. वितरकाच्या माणसाने डबा बदलून दिला होता. नवरदेव घोड्यावर, बँडवाले, नवरीचा बाप रडतोय. थोडा वेळ गडी गप्प होते, त्यांना वाटलं समुद्राकाठच्या गावात कोणाचं तरी लग्न आहे. मग एक जण ओरडला, "आरं, माशाचं लगीन हाय का काय?" आणि गड्यांनी तंबू डोक्यावर घेतला.

उत्तमरावांनी सकाळी फोन केला. खरं रीळ दुसऱ्या गावी गेलं होतं, लवकर मिळण्यासारखं नव्हतं. आणि त्याआधीच, खरं रीळ संध्याकाळपर्यंत येईल या भरवशावर, नळावर चांगुणाबाई "हाय" म्हणून गेल्या होत्या.

संध्याकाळी बायकांची बाजू भरली. पुढे पद्माबाई बसली होती. ही पण भीमनगरचीच, बाजारात भाजी विकायची, तिच्या तोंडाला बाजारच घाबरायचा. पिक्चर होडीपर्यंत आला, रीळ संपलं, मी दिवे लावले. उत्तमराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सोमेश्वर, आता काय करायचं रे? लगीन दाखवायचं का?" मी काय सांगणार? तेवढ्यात बायकांकडून पद्माबाईचा आवाज आला, "चांगुणे, त्या माशाचं काय झालं मंग?"

चांगुणाबाईंनी केबिनकडे पाहिलं. मी हातानेच सांगितलं, काही नाही. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊ, दिवे घालवा. नुसता उजेड टाका पडद्यावर."

मी रिळाविनाच मशीनचा उजेड सोडला. पांढरा पडदा. त्यापुढे त्यांची सावली. आणि त्या सांगू लागल्या, जसं काल स्वतः पाहिलंय तसं.

"होडीवाल्यानं भाला उचलला. उचलला अन् तसाच ऱ्हायला. काहून? तर त्याला दिसलं, की ह्या माशाचं पोट खाली आलंय. जड झालंय. तवा त्याला कळलं, की हा मासा न्हाई, ही बाई हाय. दिवस भरलेत तिचे. त्या काठाला ती कशाला आली व्हती? बाळंतपणाला आली व्हती. तिची माय तिथंच बाळंत झाली, तिची आज्जी तिथंच. ते तिचं म्हायेर. अन् ह्या लोकांनी तिच्या म्हायेरात हाटेलं बांधली!"

बायकांकडून "अगं बाई!" असा एकच आवाज आला. कनातीपलीकडचे गडीसुद्धा कान देऊन ऐकू लागले.

"मंग तो लंगडा माघारी आला. गावभर फिरला. म्हणला, आज दिवे लावू नका, गाणी लावू नका, कोणी पाण्यात जाऊ नका. सगळी हाटेलं अंधार करून बसली." इथे त्या थांबल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी मशीनची झडप पाडली. तंबूत मिट्ट अंधार झाला. त्या अंधारात बाईंचा आवाज आला, "रातभर ती बाळंत व्हत व्हती. पहाटं उजाडलं तवा पाण्यावर धा-बारा लेकरं, अन् मधी ती. गेली निघून लेकरं घिऊन. कुणाला काई केलं न्हाई."

मी दिवे लावले. पद्माबाई डोळे पुसत होती.

हा शेवट औंढ्यात पुढे फार चालला. कुठल्या घरात सून बाळंतपणाला निघाली आणि सासू कुरकुरली, तर शेजारीण म्हणायची, "जाऊ दे की, मासा बी जातो म्हायेराला." चांगुणाबाईंचा नळावरचा शब्द आणखी पक्का झाला. त्यांच्याशी मात्र कोणी त्या शेवटाबद्दल बोललं की त्या विषय बदलायच्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. पिक्चर पाहून सांगणं हे त्यांचं काम, आणि ह्या एका वेळी त्यांनी न पाहिलेलं, पाहिलं म्हणून सांगितलं होतं. मी एकदा म्हणालो, "एवढं काय मनावर घ्यायचं?" त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी मशीनवाले. तुमच्या हातून पिक्चर वंगाळ चालला तर मशीनला बोल लागतो. माझ्याजवळ मशीन न्हाई, तोंडच हाय."

अशी तीनेक वर्षं गेली. तोवर घरोघरी टीव्ही दिसू लागले होते आणि तंबूत गर्दी आटत होती. उत्तमराव म्हणायचे, औंढ्याची बायकांची बाजू आहे म्हणून तंबू आहे. आणि त्याच साली शार्कच्या पिक्चरचा दुसरा भाग आमच्याकडे आला. पोस्टरवर तसाच जबडा, मागे हॉटेलं, रंगीत छत्र्या. गावात बोलबाला झाला. बायका पोस्टरपुढे थांबून जायच्या. पद्माबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच पोस्टर पाहत म्हणाली, "आली का गं माघारी? लेकरं मोठी झाली आसतील आता."

पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे चांगुणाबाई एकट्या सतरंजीवर बसल्या. मी मशीन चालू केलं. सुरुवातीलाच समुद्र, आणि हिंदीत एक भारदस्त आवाज सांगू लागला, की मागच्या वेळी ह्या किनाऱ्यावर रखवालदाराने सुरुंग लावून त्या राक्षसी माशाच्या चिंधड्या उडवल्या. लोक समजले संकट टळलं. पण आता दुसरा मासा आला आहे. एवढंच नाही, तर चिंधड्या उडतानाचं चित्रही दाखवलं. पाणी लाल झालेलं.

मी भोकातून पाहिलं. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

पुढचा पिक्चर त्यांनी पाहिला की नाही, मला शंका आहे. खेळ सुटल्यावर गडी बाहेर पडू लागले, आणि चहाच्या गाड्यावरून कोणीतरी ओरडलं, "चांगुणाबाई, तुमची बाळंतीण मेली म्हणं की ओ!" दुसरा म्हणाला, "सुतक पाळा आता!" हसणं उसळलं. त्यात वाईट मनाचं काही नव्हतं, पण बाईंचा चेहरा पाहण्यासारखा राहिला नाही.

त्या उत्तमरावांकडे आल्या. मी रिळं डब्यात भरत होतो.

"मालक, उद्यापासून म्या दारावर येत न्हाई."

"आगं, काहून?" उत्तमराव उठूनच बसले. "उद्या बायकांचा दिवस. आन् तू न्हाई?"

"कोण्या तोंडानं येऊ? म्या सांगितलं ती जिती गेली. पडदा म्हणून राहिला तिच्या चिंधड्या झाल्या. बाया म्हणतील, चांगुणी तीन वरसं आमाला फसवून राहिली. उद्या 'पाहण्याजोगं हाय' म्हणलं तर कोण इश्वास ठिवंल?"

"एवढंच ना? सोमेश्वर, तेवढा सुरुवातीचा तुकडा काप रे. सकाळी कापून टाक."

मी मान हलवली. काप म्हटलं तर कापायचा, त्यात मला अडचण नव्हती.

चांगुणाबाई म्हणाल्या, "तुकडा कापताल. गाड्यावर वरडत्यात त्या गड्यांची तोंडं कोण कापंल?"

उत्तमराव डोकं खाजवू लागले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "असं कर. तू म्हण, मेला तो येगळाच मासा. आन् ही आता जी आलीय ती त्या बाळंतिणीची लेक हाय. झालं की नाही बराबर?"

 ती गोष्ट बाईंना आवडली असती, मला दिसलं. मग म्हणाल्या, "मालक, अन् तिसरा भाग आला म्हंजी नात आणू का?"

उत्तमरावांना हसू आवरेना. त्या मात्र हसल्या नाहीत. पिशवी उचलून गेल्या. येणार की नाही हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळावर गेल्याच नाहीत. शेषरावने पाणी भरलं. गडी माणूस नळावर आला म्हणून बायकांनी त्याला घेरलं, तर तो म्हणाला, "मला काय इचारता? म्या तर पिक्चर पाहत न्हाई. डोळे दुखत्यात." म्हणजे पहिल्यांदाच असं झालं, की पिक्चर बघावा की न बघावा याचा निरोप बायकांना मिळाला नाही. उत्तमराव दुपारी दोनदा आभाळाकडे पाहून आले, जसं काही पावसाचाच प्रश्न आहे.

पण संध्याकाळी बायका आल्या. नेहमीपेक्षा जास्त आल्या. दारावर तिकीट घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून उत्तमराव स्वतः उभे राहिले आणि पहिल्याच बाईशी लेकराच्या वयावरून हरले. सतरंज्या भरल्या. कनातीपलीकडे गडीही बरेच होते, त्यांना आज काय होतं ते ऐकायचं होतं. मी रीळ चढवून तयार, उत्तमरावांच्या इशाऱ्याची वाट पाहत होतो.

तेवढ्यात चांगुणाबाई आल्या. धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. दारावर थांबल्या नाहीत, सरळ मधल्या खांबाजवळ गेल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, थांबा जरा." मग बायकांकडे वळल्या.

"बायांनो, पिक्चर चालू व्हयाच्या आदी एक सांगायचंय. मागल्या टायमाला त्या माशाचा शेवट म्या सांगितला. तो म्या पाहिला नव्हता. रीळ आलंच नव्हतं. माझ्या मनानं सांगितला. तिला खरं मारलं त्या लोकांनी. आज तुमाला पडद्यावर दिसंल. म्या खोटं बोल्ले. आता ज्याला जायचं त्यानं जा, मालक तिकिटाचं माघारी देतील."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं त्यांना विचारलेलं नव्हतं.

बायकांतलं कोणी उठलं नाही.  मग पद्माबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "झालं का तुझं?"

"झालं."

"मंग आता माझं ऐक. आमचे गडी पहिल्या दिवशी पिक्चर पाहून घरी येत न्हाईत व्हय? आमच्या घरधन्यानं त्याच राती सांगितलं, की शेवटाला रीळ बदललं अन् लगीन लागलं. माशाचं काय झालं ते कुणालाच ठाव न्हाई."

"आमच्या बी," मागून कोणीतरी म्हणालं. "आमचा तर त्या लग्नातलं गाणं म्हणत आला!"

चांगुणाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "म्हंजी तुमाला..."

"सगळ्यांला ठाव व्हतं," पद्माबाई म्हणाली. "तू सांगायला उठलीस तवाच ठाव व्हतं."

"मंग काहून बोल्ल्या न्हाईत?"

"तू सांगून राहिली व्हतीस. मधी कोण बोलंल?"

मला आजही हे आठवलं की आश्चर्य वाटतं. मधली कनात बांधताना मीच खुंट्या ठोकायचो. ती डोळ्यांपुरती होती. गडी इकडे आणि बायका तिकडे, पण खेळ संपल्यावर सगळे एकाच घरात जेवायला बसायचे. हे चांगुणाबाईंच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्या घरात शेषराव पिक्चर पाहायचाच नाही. आणि खरं म्हणजे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

बायका हसू लागल्या होत्या. पण पद्माबाई हसत नव्हती. तिने हात वर केला.

"हसू नका गं. मला राग हाय. चांगुणे, शेवट तू मनानं सांगितला त्याचा राग न्हाई. पण तीन वरसं रोज नळावर भेटतीस. बाळंतिणीचा इषय निघाला की तोंड फिरवतीस. मला वाटलं हिला सोताचा काई तरास हाय. अन् तू आमाला येडं समजून चालली व्हतीस? आमाला काईच ठाव न्हाई, असं?"

हे मात्र चांगुणाबाईंना लागलं. गड्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं असावं. त्या खांब सोडून दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं, पद्मा. म्या माझ्याच भेवात व्हते. तुमचं ध्यानातच आलं न्हाई."

"बरं," पद्माबाई म्हणाली, आणि लगेच बाजारातल्या आवाजात, "आता हे सांग, पिक्चर पाहण्याजोगं हाय का न्हाई? सकाळधरनं कुणी सांगंना."

"हाय. पर बाया चड्डीवर फिरत्यात त्यात."

"कुठं?"

"पाण्यात. अंघोळीचे कपडे हायत, अंघोळीलाच घातलेत."

"मंग असू दे. अन् मासा मरतो का?"

चांगुणाबाईंनी एक क्षण पडद्याकडे पाहिलं. "मरतो. खरंच मरतो. जाळ्यात धरून काठाला वढत्यात."

"कशानं?"

"ट्रॅक्टरनं."

आता दोन्ही बाजूंना हशा झाला. कनातीपलीकडून कोणी म्हणालं, "कोण्या कंपनीचा हाय ओ?" पद्माबाई ओरडली, "तुमी तुमचं पाहा तिकडं!" आणि उत्तमरावांनी मला इशारा केला.

मी मशीन चालू केलं. चिंधड्या उडाल्या तेव्हा एका म्हातारीने "च् च्" केलं, बाकी कोणी काही म्हणालं नाही. मग समुद्रकाठचं ते गाव आलं, वाळूत छत्र्या, आणि छत्र्या सोडून उन्हात पालथे पडलेले गोरे लोक. लगेच प्रश्न आला, "हे काहून उन्हात पडलेत गं? सावली हाय की शेजारी."

चांगुणाबाईंचा आवाज पहिल्यांदा जरा बारीक निघाला. "त्यांच्या देशात ऊन न्हाई. भाडं भरून ऊन खायला येत्यात."

"आपल्याकडं पाठवा म्हणावं वैशाखात. फुकट देऊ."

हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला. मासा आला, पोरगी ओढली गेली, हॉटेलवाला म्हणाला काही झालंच नाही, सगळं त्या नेहमीसारखं सांगत गेल्या. पण शेवटचं रीळ लागलं, जाळं पडलं, ट्रॅक्टर वाळूत आला, तेव्हा पद्माबाई म्हणाली, "चांगुणे, आता तू गप ऱ्हा."

"का गं?"

"तू खरं सांगून मोकळी झालीस. आता आमाला सांगू दे. ट्रॅक्टरचं डिझेल संपलं!"

"डिझेल न्हाई," मागून एक जण म्हणाली, "चाक रुतलं. काळी माती हाय ती."

"वाळू हाय ती, माती कुठं हाय?"

"वाळूत तर आणखी रुततं!"

"न्हाई गं, ट्रॅक्टरवाल्याची बायकू आली. म्हणली, घरी चला, पोरगी बाळंत झाली. गेला तो तसाच टाकून!"

"अन् मासा?"

"मासा गेला की पाण्यात. त्याला काय धरून ठिवलंय?"

पडद्यावर मासा वाळूवर तडफडत होता, मोठं संगीत वाजत होतं, आणि तिकडे कोणी पाहतच नव्हतं. चांगुणाबाई खांबाला टेकून एवढ्या हसत होत्या, की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. इतकी वर्षं त्या एकट्या सांगत होत्या. त्या दिवशी बायकांनी त्यांना घडीभर सुट्टी दिली. तंबूतून बाहेर पडतानाही वाद चालूच होता, आणि माझ्या अंदाजाने त्या रात्री औंढ्यात त्या पिक्चरचे पाच-सहा तरी शेवट घरोघरी गेले. तिकिटाचं मागायला कोणी आलं नाही. उत्तमरावांचा जीव भांड्यात पडला.

मी मशीन गार होऊ देत होतो. दाराशी पद्माबाई थांबली होती.

"चांगुणे, बुधवारी रिकामी हायस का?"

"काहून?"

"वसमतला एक स्थळ सांगून आलंय, आमच्या राणीला. आमी जाऊच पाहायला. पर त्याच्या आदी तू एकली जाऊन ये. पाहुणी म्हणून न्हाई, कुणाची वळख काढून जा. घर पाहा, पोरगं पाहा. आन् जे दिसंल ते मला सांग."

"माझ्यावर इश्वास ठिवतीस? आज एवढं ऐकून?"

पद्माबाई म्हणाली, "न पाहिलेलं सांगितलं तर तुला तीन वरसं झोप लागत न्हाई. आणखी कुणाला पाठवू?"

चांगुणाबाई बुधवारी वसमतला जाऊन आल्या. परत आल्यावर त्या दोघी तंबूमागच्या लिंबाखाली बसल्या होत्या, मी तिथेच मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पुसत होतो, म्हणून कानावर आलं.

"पोरगं चांगलं हाय. हळदीच्या आडतीवर कामाला हाय, अंगाला वास येतो हळदीचा. दारू पीत न्हाई, म्या शेजारीपाजारी इचारलं. घर पत्र्याचं, पर सारवलेलं. सासू तोंडाची तिखट हाय."

"किती तिखट?"

"तुझ्यावानी."

पद्माबाईने पदर सावरला. मग म्हणाली, "मंग सांभाळून घील राणी. तिला सवय हाय. पुढं सुखात ऱ्हाईल ना गं?"

"ते म्या पाहिलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाहिलं तेवढं सांगितलं."

राणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. त्यानंतर भीमनगरात, आणि मग इतर आळ्यांतही, मुलीला स्थळ आलं की आधी चांगुणाबाईंना पाठवायची पद्धत पडली. तंबू पुढे चार-पाच वर्षांनी बंद झाला, उत्तमरावांनी कनात आणि सतरंज्या एका मंडपवाल्याला देऊन टाकल्या, मी पिठाच्या गिरणीवर बसू लागलो. चांगुणाबाईंचं काम मात्र बंद झालं नाही. आजही त्या एसटीने कधी हिंगोली, कधी कनेरगाव नाका, कधी वसमत करत असतात. वसमतला गेल्या की राणीकडे जेवतात. तिला आता दोन मुलं आहेत. सासू अजून तिखट आहे, असं त्या मला गिरणीवर दळण टाकताना सांगतात, आणि ते स्वतः पाहून आलेल्या असतात.